कापडाचे बारा मासे

कापड बेतताना शिंप्याची चूक होते ती पहिल्या पाच मिनिटांत, आणि कळते ती शेवटची शिलाई घातल्यावर. मास्तरांना हे पस्तीस वर्षांच्या अनुभवानं पाठ झालं होतं. म्हणून त्या बुधवारी दुपारी, दुकानातल्या लांब टेबलावर कापडाचे बारा मासे ओळीनं मांडून झाल्यावर, त्यांनी आधी स्वतःच्याच कात्रीकडे संशयानं पाहिलं.

पहिला मासा उशीएवढा होता. चौथा पिशवीएवढा. आठवा बाहीएवढा. आणि बारावा, म्हणजे गेल्या वर्षीचा, मास्तरांच्या चपलेएवढा. मास्तरांचं पाऊल काही मोठं नव्हतं.

हे मासे मंडळाचे होते. गावाला लागून तळं, आणि तळ्यावर गळ टाकून बसणाऱ्या चाळीस जणांचं एक मंडळ. दरवर्षी थंडी सरून पाणी जरा कोमट झालं की दुसऱ्या रविवारी स्पर्धा व्हायची. ज्याचा मासा सर्वांत वजनदार, त्याला एक पितळी कप वर्षभर घरी ठेवायला मिळायचा, आणि सात वेळा जिंकेल त्याला तो कायमचा. जिंकलेला मासा तराजूवरून उतरला की खाकी कागदावर आडवा ठेवायचा आणि मास्तरांनी खडूनं त्याची बाह्यरेषा काढायची, हा रिवाज. ते कागद दुकानातल्या खिळ्याला गिऱ्हाइकांच्या मापांबरोबरच लटकत. एका बाजूला डॉक्टरीणबाईंचा कोट, दुसऱ्या बाजूला बँडवाल्यांच्या विजारी, आणि मध्ये मासे. यंदा कपासाठीची तेरावी स्पर्धा. अध्यक्षांनी मास्तरांना सांगितलं होतं, निळ्या कापडावर बाराही मासे ओळीनं शिवून एक मोठा पडदा करा, होडीघराच्या भिंतीवर लावू, आपल्या मंडळाची शान दिसेल.

शान दिसत होती ती अशी. उशीपासून चपलेपर्यंत.

मास्तरांनी टेप काढली आणि कागद पुन्हा मोजले. माप बरोबर होतं. कागद ओलीनं आकसला असेल म्हणून त्यांनी डॉक्टरीणबाईंचा कोटही मोजून पाहिला. तो होता तेवढाच होता. मग मास्तरांच्या मनात आलं, शेवटचे तीन मासे पुन्हा जरा मोठे कापले तर? दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे. शिंप्याच्या हातात असतंच ते. जाड माणसाला बारीक दाखवायचं आणि बारीक माणसाला भरदार, यावर तर त्यांचं घर चाललं होतं. त्यांनी उरलेलं कापड पुढे ओढलं, खडू उचलला, आणि बाराव्या माशाच्या पोटाला थोडी उदार रेषा दिली.

"अहो, चहा," बायको म्हणाली आणि कप ठेवायला जागा शोधू लागली. तिची नजर टेबलावर फिरली. "हे काय? सगळ्या गरोदरच?"

"कोण?"

"या माशिणी."

"त्या काय माशिणी नाहीत. ते विजेते आहेत," मास्तर म्हणाले. "मंडळाचे."

"विजेते असोत नाहीतर आणखी कोणी. पोटं बघा ना." तिनं बोटानं पहिल्या माशाच्या पोटावरून रेघ ओढली. "असं पोट भरपूर खाऊन येत नाही. इतकी वर्षं मी साफ करतेय. दरवेळी चाकू लावला की वाडगाभर गाभोळी. तुम्ही जिंकलात त्या सहाही वेळा, आणि माझ्या धाकट्या भावानं जिंकलेल्या त्या सहाही वेळा. त्याची बायको माशाला हात लावत नाही, म्हणून मासा येतो माझ्याकडेच."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले नाही? दरवर्षी बोलले. 'अहो, गाभोळी निघाली हो.' तुम्ही म्हणायचात, 'वा, तळ.'"

मास्तरांनी चहाचा घोट घेतला. तो कडू लागला. साखर नेहमीचीच होती.

"मला एक कळत नाही," बायको टेबलाला टेकून म्हणाली, "गल्लीतल्या प्रत्येक सुनेचं ब्लाउज उसवायला येतं तेव्हा तिच्या सासूच्या आधी तुम्हाला कळतं. बाजूची शिलाई किती सोडायची, पाचव्या महिन्याला किती, सातव्याला किती, सगळं तोंडपाठ. आणि इथे बारा वर्षं स्वतःच्या हातानं रेषा काढताय, तरी नाही कळलं?"

ती भांडी घासायला निघून गेली. मास्तर त्या बारा पोटांकडे बघत राहिले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्याहून वाईट गोष्ट मास्तरांखेरीज फार थोड्यांना आठवत असेल. स्पर्धेची ती तारीख मास्तरांनीच सुचवली होती. पूर्वी मंडळ वाटेल तेव्हा स्पर्धा घ्यायचं आणि निम्मे लोक हात हलवत परतायचे. मास्तरांनी मात्र दोन वर्षं गुपचूप पाहून ठेवलं होतं की पाणी कोमट झालं की दुसऱ्या आठवड्यात मोठमोठे मासे खोल पाणी सोडून लाकडी पुलाशेजारच्या लव्हाळ्यात येतात, अगदी गुडघाभर पाण्यात, आणि आमिष दिसलं की तुटून पडतात. का येतात, हा प्रश्न तेव्हा त्यांना पडला नाही. सभेत बोलायची त्यांची हिंमत नव्हती, म्हणून त्यांनी ते चिठ्ठीवर लिहिलं आणि मेहुण्याला वाचायला दिलं. मेहुण्यानं वाचलं, टाळ्या पडल्या, त्या वर्षी उशीएवढा मासा निघाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच लोकांनी मास्तरांची पाठ थोपटली.

आता कळत होतं, मासे लव्हाळ्यात का यायचे. अंडी घालायला. आणि चाळीस जण नेमके त्याच सकाळी, त्याच लव्हाळ्यात, मास्तरांच्या सल्ल्यानं, सर्वांत मोठी आई कोणाला सापडते याची शर्यत लावून बसत होते.

गुरुवारी मास्तरांनी एका सदऱ्याला गुंड्या आतल्या बाजूनं लावल्या. दुसऱ्याची कॉलर उलटी शिवली. मन एकच हिशोब करत होतं. मेहुण्याचे सहा विजय, आपले सहा. अजून एकच रविवार, आणि कप घरी. कपासाठी त्यांनी काचेच्या कपाटातला वरचा कप्पा महिनाभर आधीच रिकामा करून ठेवला होता. आयुष्यात त्यांना दुसरं काही जिंकता आलं नव्हतं. शाळेत धावण्याच्या शर्यतीतही ते रेषेवरच बुटाची नाडी बांधत राहिले होते. एवढा रविवार गप्प राहिलं तर कोणाचं काय बिघडतं? पुढच्या वर्षी सांगता येईल की.

पण संध्याकाळी त्यांनी पडद्याचं काम पुन्हा हातात घेतलं, तेव्हा बाराव्या माशाच्या पोटाची ती उदार रेषा समोर आली. मास्तरांनी ओल्या फडक्यानं ती पुसली आणि मासा होता तेवढाच ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी होडीघरात सभा भरली. उलट्या करून ठेवलेल्या होड्या, त्यांवर बसलेली मंडळी, तुळईला टांगलेला तराजू, आणि टेबलावर पितळी कप. अध्यक्षांचं औषधांचं दुकान होतं आणि ते सगळ्या गोष्टी औषधासारख्याच सांगत.

"तर मंडळी," ते म्हणाले, "मासे कमी झालेत. रोग उघड आहे, पाणकावळे. उपाय, फटाके. सकाळी एक, संध्याकाळी एक, पंधरा दिवस. फरक पडला नाही तर मात्रा वाढवू."

"दोन-दोन लावा!" मेहुणा मागून गरजला. मेहुण्याचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं आणि दिवसभर कानसीच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय त्याला सगळीकडे लागली होती.

"त्याआधी," अध्यक्ष म्हणाले, "मास्तरांनी केलेला पडदा बघू. जरा उभारी येईल."

मास्तर उठले. चिठ्ठी खिशात होती, पण ती वाचायला कोणाला द्यायची? दरवेळचा वाचणारा या वेळी समोरच्या बाजूला बसणार, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी आणि पाववाल्यानं पडद्याची दोन टोकं धरली आणि तो भिंतीवर सोडला.

मग हसू फुटलं.

"मास्तर, शेवटी शेवटी कापड कमी पडलं काय हो?"

"बाराव्याला चिंधी लावलीय वाटतं!"

"कापड पुरलं," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक होता की पुढच्या होडीवरच्यांनीच ऐकला. "मासे कमी पडले. कागद आहेत माझ्याकडे. ज्याला मोजायचे त्यानं मोजावेत."

शब्द मागच्या होडीपर्यंत पोचले तसं हसू थांबलं. आता सगळ्यांनाच एकेक वर्ष आठवू लागलं. प्रत्येकाच्या आठवणीतला मासा दरवर्षी दोन बोटं वाढत आला होता. कापडावरचा मात्र वाढला नव्हता.

"पाणकावळेच!" मेहुणा म्हणाला. "हीच तर खूण."

मास्तरांनी त्या उशीएवढ्या माशावर हात ठेवला. "हा पाणकावळ्याच्या घशातून उतरेल?"

पुढच्या होडीवरच्या दोघांनी नकारार्थी माना हलवल्या.

"तो लहान मासे खातो. पूर्वीही खायचा. मोठे आपणच नेले. आणि नुसते मोठे नाही." मास्तरांनी हात पुढच्या माशांवरून फिरवत नेला. "या बाराही जणी अंडी घालायला लव्हाळ्यात आलेल्या होत्या. पोटात गाभोळी होती. आपण वजन वजन म्हणून नाचलो, त्यातलं बरंचसं वजन पुढच्या वर्षीच्या माशांचं होतं. आणि तारीख मीच काढून दिली होती."

"पण चाळीस गळांनी तळं रिकामं होतं होय?" पाववाला म्हणाला.

"कुठलेही चाळीस मासे गेले असते तर झालं नसतं. नेमक्या आयाच गेल्या. एकीमागे हजारो पिल्लं. तुझ्या भट्टीतून कोणी दररोज एक पाव नेला तर चालेल, विरजणासारखा राखलेला आंबवणाचा गोळाच नेला तर?"

पाववाल्याचा चेहरा पडला. ही गोष्ट त्याला लगेच कळली.

मेहुणा मात्र उठून पुढे आला. "भाऊजी, एक सांगा. गाभोळी होती हे तुम्हाला आज कसं कळलं? बारा वर्षं कुठे होतात?"

"तुझ्या ताईनं सांगितलं."

"ताईला काय कळतंय गळातलं!"

"गळातलं नाही कळत," दारातून आवाज आला. "पोटातलं कळतं."

मास्तरांची बायको दारात उभी होती, हातात मास्तरांचा विसरलेला चष्मा. तो द्यायला आली ती ऐकत उभी राहिली होती, आणि धाकट्या भावानं सभेत आपलं नाव काढल्यावर गप्प राहणाऱ्यातली ती नव्हती.

"तू जिंकलास त्या सहा वर्षांत एकदा तरी स्वतः मासा कापलास का रे? पाय धुवून बसायचास ताटावर. गाभोळीची मोठी फोड कोणाला हवी असायची? आठवतंय का?"

मेहुण्याला आठवत होतं. त्याचे कान लाल झाले.

"मुद्दा योग्य आहे," अध्यक्ष म्हणाले. "खात्री करून घेऊ. ज्यांनी आपण धरलेला मासा कधी स्वतः साफ केला असेल, त्यांनी हात वर करा."

होडीघरात चाळीस पुरुष होते. जो तो दुसऱ्याच्या हाताकडे बघू लागला. मग कोपऱ्यातून एक हात वर आला. तो घड्याळजीचा होता. मंडळातला एकटाच अविवाहित.

"तुमच्या माशात गाभोळी असायची?"

"स्पर्धेच्या वेळी असायची," घड्याळजी म्हणाला. "एरवी नसायची. मला वाटायचं, ऋतूप्रमाणे लठ्ठ होतात."

या वेळचं हसू जरा ओशाळं होतं. मग मास्तरांनी खिशातली चिठ्ठी काढली, चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच वाचली. पाणी कोमट झाल्यापासून सहा आठवडे लव्हाळ्यात कोणी गळ टाकू नये. स्पर्धा थंडीच्या तोंडावर घ्यावी. हातभरापेक्षा मोठा मासा वर्षभरात केव्हाही लागला तरी गळ अलगद काढून पाण्यात सोडावा. मधल्या मापाचे, आणि तेही माणशी दोनच, घरी न्यावेत.

"आणि कप?" मेहुणा म्हणाला. "सहा-सहावर बरोबरी असताना नेमकी तारीख बदलायची? मला तर यात वेगळंच काही दिसतंय, भाऊजी. घाबरलात तुम्ही!"

काही माना डोलल्या. मास्तरांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी टेबलावरच्या कपाकडे पाहिलं. त्यांना त्यात स्वतःचं नाक दिसलं, मोठं आणि पिवळं.

"तसं नको वाटायला," ते म्हणाले. "मी स्पर्धेतूनच बाहेर पडतो. कप तू ने. कायमचा."

"लिहून द्या."

मास्तरांनी चिठ्ठी उलटी केली आणि लिहून दिलं. बायकोनं तोंड उघडलं होतं. तिनं ते मिटलं. मेहुण्यानं चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली, कप काखेत मारला, आणि मत मोजायच्या वेळी ठरावाविरुद्ध हात वर करून तो निघूनही गेला. ठराव तीन मतांनी पास झाला. फटाक्यांचा प्रस्ताव अध्यक्षांनी मात्रा कमी करत करत शेवटी बंद केला.

"रिकामा कप्पा तसाच बरा दिसतो," घरी जाताना बायको म्हणाली. थोडं चालल्यावर तिनं त्यांचा हात धरला. भर रस्त्यात. मास्तरांनी इकडे तिकडे पाहिलं, पण हात सोडवून घेतला नाही.

रविवार उजाडला. तोच रविवार. मास्तर पहाटेच उठून चपला शोधू लागले.

"कुठे?" बायकोनं पांघरुणातून विचारलं.

"फिरायला."

"पस्तीस वर्षांत कधी गेला होतात?"

खरं तर मास्तरांचा मेहुण्यावर विश्वास नव्हता. ठराव पास झाला काय आणि न झाला काय, तो आज लव्हाळ्यात गळ टाकणारच, याची त्यांना खात्री होती. झालंही तसंच. धुक्यात लाकडी पुलावर एक रुंद पाठ दिसली. अंगात मास्तरांनीच शिवलेला लांब कोट, आणि कोटाचा आतला खिसा टम्म फुगलेला. तो खिसा मास्तरांनी स्वतः बेतला होता. त्यात गुंडाळलेली दोरी आणि गळाची डबी आरामात मावते, हे त्यांना ठाऊक होतं.

"काढ ते बाहेर," मास्तर म्हणाले.

मेहुणा दचकला. मग त्यानं खिशातून फडक्यात गुंडाळलेला गरम पाव काढला. "अर्धा हवा असेल तर मागा की नीट! दरडावता काय?"

"तू इथे कशाला आलास?"

"तुम्ही येऊन चोरून गळ टाकाल म्हणून. गुपचूप बघत बसायची जुनी खोड तुमची. तुम्ही कशाला आलात?"

चोराच्या मनात चांदणं असतं, तसं दोघांच्याही मनात होतं. मास्तरांनी अर्धा पाव घेतला. तेवढ्यात पलीकडून अध्यक्ष आले, हवा खायला. मग पाववाला आला. भट्टीच्या वेळेला भट्टी सोडून. मग घड्याळजी. साडेसहापर्यंत पुलावर एकोणतीस जण जमले होते. एकाच्याही हातात गळाची काठी नव्हती आणि प्रत्येकजण दुसऱ्यावर लक्ष ठेवायला आला होता. रिकाम्या हातांचं काय करायचं हे कोणालाच कळत नव्हतं. काहींनी ते खिशात घातले, अध्यक्षांनी पाठीमागे बांधले.

आणि मग लव्हाळं हललं.

आधी एक पाठ वर आली, खवल्यांची, ओली, पहाटेच्या उजेडात तांब्यासारखी. तिच्या मागे दोन लहान. गुडघाभर पाण्यात त्या घुसळत होत्या, शेपट्या आपटत होत्या, पात्यांना अंग घासत होत्या. चिखल उडाला. गळ पाण्यात असताना यांपैकी काही कोणी कधी पाहिलं नव्हतं; तेव्हा सगळ्यांचं लक्ष दोरीच्या तरंगत्या बुचावर असे. मेहुण्याची उजवी मूठ आपोआप वळली आणि झटका मारायला तयार झाली. मास्तरांनी त्या मुठीवर हात ठेवला.

"माहितेय, माहितेय," मेहुणा पुटपुटला. "सवय आहे, भाऊजी."

"एक, दोन... अकरा," घड्याळजीनं मोजलं. पूर्वी इथे पाणी दिसत नसे, इतके मासे असत, असं कोणीतरी म्हणालं.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर एक माणूस उतरला. अनोळखी, बाहेरगावचा. खांद्यावर काठी, हातात डबा. चांगली जागा बघून त्यानं लव्हाळ्याच्या तोंडाशी बैठक मांडली. पुलावरच्या एकोणतीस जणांची पंचाईत झाली. ओरडावं तर मासे पळतील, न ओरडावं तर गळ पडेल. अध्यक्षांनी कायद्याचा विचार सुरू केला. मास्तर कठडाच धरून राहिले. अनोळखी माणसाशी ते गिऱ्हाईक असल्याशिवाय बोलत नसत.

मेहुणा मात्र निघाला. आपले मोठे बूट हातात घेऊन, अनवाणी, पुलाच्या फळ्या वाजू न देता. त्यानं काठ गाठला, त्या माणसाशेजारी उकिडवा बसला आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलला. त्याला कुजबुजता येतं, हे गावाला त्या दिवशी कळलं. माणसानं लव्हाळ्याकडे पाहिलं, मेहुण्याकडे पाहिलं, दोरी गुंडाळली, आणि काठी खांद्यावर टाकून त्याच्या मागोमाग पुलावर आला. बाकीच्यांनी सरकून जागा दिली.

"काय सांगितलंस रे त्याला?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"सांगितलं, इथे बाळंतपण चाललंय, जरा तिकडे येऊन उभे राहा."

"आणि त्यानं ऐकलं?"

"न ऐकून करतो काय? त्याला घरी बायको आहे."

पाहुणा कठड्यावर रेलून बराच वेळ लव्हाळ्याकडे बघत राहिला. मोठी मासोळी पुन्हा एकदा वर आली आणि शेपटीचा असा फटका मारला की पाववाल्याच्या चष्म्यावर थेंब उडाले.

"किती वेळ चालतं हो हे?" पाहुण्यानं विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. चाळीस वर्षं तळ्यावर बसलेली माणसं होती ती. कुठलं गांडूळ कुठल्या महिन्यात चालतं हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. अध्यक्षांनी घसा खाकरला आणि मास्तरांकडे पाहिलं. मेहुण्यानंही पाहिलं.

मास्तरांनी थोडा विचार केला.

"घरी विचारून सांगतो," ते म्हणाले.